यशराज खोत, सध्या नोकरीत

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

आज स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्य अमरसिंह सरांनी माझं नाव पुकारलं. डिसेंबरात कॉलेजचं मूल्यांकन करायला बाहेरची समिती येणार. त्याआधी सप्टेंबरअखेर स्वयंमूल्यांकनाचा अहवाल ऑनलाइन जायला हवा, आणि त्या सगळ्याचा समन्वयक मी, डॉ. पार्श्वनाथ मगदूम. टाळ्या पडल्या. एकोणतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, तेव्हा कुणी वाजवल्या नाहीत.

काम अफाट आहे. सात प्रकरणं, चाळीस प्राध्यापक, पाच वर्षांची माहिती. मागच्या खेपेला ग्रंथालयातल्या पुस्तकांचा आकडा अहवालात तीन ठिकाणी तीन वेगळा गेला होता आणि समितीतल्या एका बाईंनी तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला होता.

मीटिंग सुटल्यावर निशिगंधा सुतार जिन्यात भेटली. कॉम्प्युटर सायन्सला तासिका तत्त्वावर शिकवते, नववं वर्ष चालू आहे. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला माझ्या वर्गात होती म्हणून मी अजून एकेरीच बोलतो. म्हणाली, "सर, पेनड्राइव्ह आणि व्हॉट्सअॅपवर हे काम निभणार नाही. आपण एक विकी करू. सगळ्यांनी एकाच जागी लिहायचं, एकच पान सगळ्यांना दिसायचं. कुठलं काम कुणाकडं आणि कुठवर आलंय तेही तिथंच."

दुपारी प्राचार्यांना ही कल्पना सांगितली. "मगदूम सर, या वयात डोकं कसलं चालतंय वो तुमचं!" म्हणाले. निशिगंधाचं नाव सांगायचं राहून गेलं. पुढच्या मीटिंगमध्ये सांगेन.

२१ ऑगस्ट, बुधवार

निशिगंधाने संगणक कक्षात सगळ्यांना विकी शिकवली. चाळीसपैकी सव्वीस आले. प्रत्येक प्रकरणाचं एक पान, पानात तक्ते, आणि वर प्रत्येक प्रमुखाच्या नावाचा चौकोन. काम सुरू नसेल तर लाल, चालू असेल तर पिवळा, पुरं झालं की हिरवा. प्राचार्यांच्या टेबलावरच्या संगणकावर हे चौकोन दिवसभर उघडे राहणार.

मुख्य लिपिक गणपतराव हात वर करून म्हणाले, "म्या लिवलेलं कुनीबी येऊन खोडनार असंल, तर मी लिवतच न्हाय."

"खोडलं तरी जात नाही, काका," निशिगंधा म्हणाली. "इथं इतिहास म्हणून बटण आहे. कुणी, कधी, काय बदललं ते सगळं तिथं राहतं. आधीचं कधीही परत आणता येतं."

"म्हंजे जन्माचं राहतंय की!"

सगळे हसले. मला खातं उघडून दिलं, पण संकेतशब्द दोनदा विसरलो. तिसऱ्यांदा तिने तो एका चिठ्ठीवर लिहून दिला. पोरगी गुणाची आहे. मी तिला सांभाळून घेतो, हेही खरं.

३० ऑगस्ट, शुक्रवार

सात चौकोनांपैकी चार हिरवे. माझं स्वतःचं प्रकरण, विद्यार्थ्यांची प्रगती, अजून लाल. त्यात दोनशे बारा माजी विद्यार्थ्यांचा तक्ता आहे. प्रत्येकाला फोन करून सध्या काय करतो, कुठल्या कंपनीत आहे, हे विचारून भरायचं आहे. एकतीस फोन झाले. काही जण उचलत नाहीत. एकाने तर मला कर्जवाला समजून शिवी हासडली.

निशिगंधा म्हणाली, "सर, माझी तिसऱ्या वर्षाची मुलं चार दिवसांत सगळे फोन करतील. वाटून देऊ का?" मी नको म्हणालो. सगळे माझ्या ओळखीचे विद्यार्थी आहेत. समन्वयकाचंच काम दुसऱ्यांनी केलं असं दिसायला नको.

६ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या गणपती, आठवडाभर सुट्टी. त्याआधी सगळं हिरवं पाहिजे होतं. सकाळी अकराला प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "मगदूम सर, सहा घरं हिरवी आणि एक लाल. आणि लाल कुणाचं? समन्वयकाचं! मी संस्थेच्या अध्यक्षांना काय तोंड दाखवू?"

स्टाफरूममध्ये आलो. कोपऱ्यातल्या मशीनवर विकी उघडीच होती. तक्त्याच्या रकान्यांत काहीतरी बिघडलं होतं ते सकाळी निशिगंधाने दुरुस्त केलं होतं. मी तिथंच बसलो आणि राहिलेल्या एकशे एक्याऐंशी ओळी भरून टाकल्या. अंदाजाने. गाव शिरोळकडचं असेल तर शेती, दुग्धव्यवसाय. इचलकरंजीचं असेल तर वस्त्रोद्योग. पण सगळेच शेतीत आणि कापडात दाखवले तर कॉलेजची प्रगती काय दिसणार? म्हणून मध्येमध्ये खाजगी नोकरी टाकली. कंपनीचं नाव-पत्ता लिहिल्याशिवाय ओळ पुढे जात नव्हती. आमचा मुलगा सम्मेद चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत आहे, तिचा पत्ता मला पाठ आहे. अकरा ओळींत तो टाकला.

तास-सव्वा तास लागला. चौकोन हिरवा झाला. मुलं कुठं ना कुठं कामाला असणारच, त्यात अगदी खोटं असं काय आहे? सुट्टीनंतर खरे फोन करून एकेक ओळ नीट करायची, हे पक्कं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आमचं जैनांचं दशलक्षण पर्व चालू आहे. रोज बस्तीत, आमच्या मंदिरात जातो, दिवस मावळायच्या आत एकदाच जेवण. मंगळवारी आर्जव धर्मावर प्रवचन झालं. मनात, बोलण्यात आणि करण्यात एकच असणं म्हणजे आर्जव. छान बोलले पंडितजी.

कॉलेज सुरू झालं. आज सहज इतिहास हे बटण दाबून पाहिलं. माझ्या प्रकरणाच्या पानावर लिहिलं होतं: शेवटचा बदल, निशिगंधा सुतार, ६ सप्टेंबर, दुपारी १.१२.

त्या मशीनवर तिचं खातं उघडं होतं. म्हणजे मी जे भरलं ते सगळं तिच्या नावावर नोंदलं गेलं.

लगेच तिला सांगायला हवं होतं. ती समोरच्या टेबलावर पेपर तपासत होती. पण सांगायचं म्हटलं तर काय भरलं तेही सांगावं लागलं असतं. शिवाय मी ओळी दुरुस्त करणारच आहे. मग पुन्हा शेवटचा बदल माझ्या नावाने दिसेल आणि विषय मिटेल.

एक गोष्ट कबूल करायला हवी. ते नाव पाहून थोडं हलकं वाटलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

क्षमावाणी, आमचा क्षमा मागायचा दिवस. सकाळी सगळ्यांना मेसेज पाठवला: वर्षभरात कळत नकळत आपलं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी. एकशे चाळीस जणांना एका दमात गेला, त्यात निशिगंधाही होती. तिचं उत्तर आलं, "ठीक आहे, सर." एरवी ती हात जोडल्याचं चित्र टाकते. विकीची कल्पना तिची, हे मीटिंगमध्ये सांगायचं अजून राहिलंय, म्हणून असेल.

ओळी दुरुस्त करायला वेळ मिळालेला नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

अहवाल गेला. प्राचार्यांनी पेढे वाटले.

८ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर साठीच्या आतबाहेरचे एक गृहस्थ खुर्चीच्या कडेवर टेकून बसले होते. ज्ञानू खोत, इचलकरंजीचे, यंत्रमागावर काम करतात. मागाच्या खडखडाटात जन्म काढलेली माणसं बोलतात तसं मोठ्याने बोलत होते. बाहेर व्हरांड्यात ऐकू जात असणार.

"माझा ल्योक यशराज. तुमच्यातच शिकला. बीएस्सी झाला. दोन वर्सं झाली त्याला जाऊन. हातकणंगल्याजवळ ट्रकनं उडवला."

प्राचार्य म्हणाले, "वाईट झालं हो."

"ते झालं. आता परवा घरात फोन आला. कुनी बाई हुती, गोड बोलत हुती. म्हनली, यशराज खोत चाकणला अमक्या कंपनीत कामाला हाईत न्हवं? कॉलेजनं आमास्नी कळवलंय. फोन माझ्या बायकोनं घेतलता."

अहवालातल्या माहितीची पडताळणी करणारी संस्था अधूनमधून काही नावं उचलून फोन करते. दोनशे बारांतून त्यांनी नेमकं ते उचललं.

"त्या टायमाला तिला पोराचा मुखडा दावला नव्हता," ज्ञानू खोत म्हणाले. "दावन्याजोगा ऱ्हायला नव्हता. आता ती म्हनती, तुमी दुसऱ्याच कुनाला तरी आग दिली. माझा यशराज चाकणला हाय. कॉलेज खोटं बोलंल व्हय? दोन दिस झालं, तीन ताटं वाढती."

मग ते उठून उभे राहिले. "मला भांडन न्हाय करायचं, सायेब. ज्यानं कुनी हे लिवलंय त्यानं येऊन तिच्याम्होरं सांगावं, की बाई, हे खोटं हाय. माझं ती ऐकंना झालीया. एवढंच मागनं हाय."

प्राचार्य म्हणाले, "आम्ही चौकशी करतो. तुम्हाला पत्र पाठवतो." मी म्हणालो, "हो, पत्र पाठवू." तेवढंच बोललो.

९ ऑक्टोबर, बुधवार

प्राचार्यांच्या केबिनमध्ये भिंतीवर विकीचं पान मोठं करून दाखवलं. यशराज ज्ञानू खोत, बी.एस्सी. २०२१, सध्या नोकरीत. मग इतिहास. निशिगंधाचं नाव हातभर मोठ्या अक्षरांत.

प्राचार्यांनी विचारलं, "मॅडम, हे काय?"

"लॉगिन माझं आहे, सर. स्टाफरूमच्या मशीनवर उघडं राहिलं. ती माझी चूक."

"म्हणजे हे तुम्ही लिहिलं नाही?"

"नाही."

"मग कुणी लिहिलं?"

तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. म्हणाली, "ज्यानं लिहिलंय त्यालाच सांगू दे, सर."

मी प्रोजेक्टरच्या वायरीकडे बघत होतो. ती दोन ठिकाणी चिकटपट्टीने जोडलेली होती. प्राचार्य वळून म्हणाले, "मगदूम सर, तुम्ही समन्वयक. तुमचं काय मत?" आणि मी म्हणालो, "चौकशी व्हायला हवी."

हे वाक्य मी बोललो. इथं लिहून ठेवतो.

डिसेंबरात समिती येतेय. समन्वयकानेच खोटं भरलं असं निघालं तर अख्ख्या अहवालावर संशय येईल, चाळीस जणांची मेहनत पाण्यात जाईल. हे मी दिवसभर स्वतःला सांगतोय. निशिगंधाला फार तर समज देतील. तिच्या हातून लॉगिन उघडं राहिलं हे तर खरंच आहे.

१४ ऑक्टोबर, सोमवार

निशिगंधा काल इचलकरंजीला जाऊन आली. रविवारी, स्वतःहून, एसटीने. आज मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"सर, मी खोतांच्या घरी गेले होते."

"तू कशाला गेलीस? पत्र जाणार आहे."

"पत्रानं काय होतंय? त्या मावशी, बनाबाई नाव त्यांचं. मी त्यांना म्हटलं, चूक झाली आमच्याकडून, ते खरं नाही. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, तो चाकणला हाय हे तुला कुनी सांगितलंतं? मला उत्तर देता येईना. त्या म्हणाल्या, तुलाच म्हाईत न्हाय, मग खोटं हाय म्हून कशावरनं सांगतीस?"

मी टेबलावरचे कागद सरळ करत राहिलो.

"बरोबरच आहे ना, सर. ते कुठून आलं, हे ज्यानं लिहिलं त्यालाच ठाऊक. त्यानंच सांगितलं तर त्या ऐकतील." आणि ती तशीच उभी राहिली. बराच वेळ. तास झाल्याची घंटा वाजली तेव्हा गेली.

बिचारीला या सगळ्यात मोकळेपणाने बोलायला मीच एक वडीलधारा वाटत असेन. या विचाराने तर आणखी लाज वाटली.

२१ ऑक्टोबर, सोमवार

प्राचार्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "सुतार मॅडमना दुसऱ्या सत्रात तास द्यायचे नाहीत. समितीनं विचारलं तर कारवाई केली म्हणून दाखवता येईल. तिची नोकरी काय कायमची न्हाय, कोर्टकचेरीचं लचांड न्हाय. सोयीचं झालं बघा."

चौकशी समितीत मी आहे. तीन सह्या लागत होत्या. दोन आधीच झाल्या होत्या. मी तिसरी केली. पेन नीट चालत नव्हतं म्हणून दोनदा गिरवली.

घरी आलो तर बायकोने, अंजनाने, ताट वाढलं होतं. मी हात धुऊन नुसता बसून राहिलो. "तब्येत बरी नाही का?" तिने विचारलं. मी कॉलेजचा ताण आहे म्हणालो. ती म्हणाली, "कसला ताण? अहवाल तर गेला म्हणत होता."

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळी झाली. सम्मेद चार दिवस येऊन गेला. तो घरात हसत-बोलत फिरत होता आणि माझी मान वर होत नव्हती. त्याला वाटलं मी त्याच्यावर रागावलोय.

निशिगंधाला पत्र मिळालं. तिने कपाटाची किल्ली गणपतरावांकडे दिली आणि गेली. गणपतराव मला म्हणाले, "पोरीनं एक शबूद काढला न्हाय, सर. माज्या हातात किल्ली ठेवली आन् पाया पडली. मला कसंतरीच झालं."

१३ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी साडेदहाला सम्मेदचा फोन. तो कामाच्या वेळेत कधी फोन करत नाही.

"बाबा, आमच्या गेटवर कालपासून एक बाई बसल्यात. सिक्युरिटीवाला सांगत होता, कोल्हापूरकडच्या आहेत, म्हणून मला बोलावलं. इचलकरंजीच्या आहेत. म्हणतात, माझा मुलगा इथं कामाला आहे, त्याला बाहेर पाठवा. यशराज खोत. मी एचआरमध्ये विचारलं, तसं कुणीच नाही. त्या ऐकतच नाहीत. त्यांना तुमच्याच कॉलेजनं सांगितलंय म्हणे. बाबा, तुम्हाला काही माहीत आहे का?"

मी म्हणालो, "त्यांना खायला दे."

"दिलं. त्यांनी पुडीत बांधून ठेवलं. मुलगा आला की दोघं खाऊ म्हणतात."

मग मी त्याला सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं, आणि ते माझ्या मुलाला. तो म्हणाला, "मी त्यांना गाडीत बसवून घेऊन येतो. त्यांच्या घरी फोन करा तुम्ही." आणि फोन ठेवला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आठ ऑक्टोबरला ज्ञानू खोतांनी एवढंच मागितलं होतं की एकाने घरी येऊन सांगावं. कोल्हापूर ते इचलकरंजी तासाभराचा रस्ता. छत्तीस दिवस मी त्या वाटेला गेलो नाही, आणि ती बाई चाकणपर्यंत गेली.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज गेलो. अंजना बरोबर येते म्हणाली, मी नको म्हणालो. काल तिला सगळं सांगितलंय. तिने एकच विचारलं, "त्या मुलीच्या कागदावर सही करताना तुमचा हात कसा उठला?"

यंत्रमागाच्या शेडच्या मागे दोन खोल्या. गल्लीतून निवडणुकीची रिक्षा ओरडत गेली आणि मागोमाग पुन्हा मागांचा आवाज सुरू झाला. ज्ञानू खोतांनी मला ओळखलं. "या, सर," म्हणाले. "बसा."

बनाबाई चटईवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. बारीक, उन्हाने रापलेल्या. मी खुर्चीवर बसलो नाही, त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

म्हणालो, "मी पार्श्वनाथ मगदूम. यशराजला पहिल्या वर्षाला मी शिकवलं. तो चाकणला आहे असं मी लिहिलं. मीच लिहिलं, त्या मुलीनं नाही. ते खोटं आहे."

"तुला कुनी सांगितलंतं?"

"कुणीच नाही. फोन करून विचारायचं होतं, मी विचारलं नाही. यादी भरायची होती म्हणून मनानं लिहिलं."

"मग चाकणच का लिवलंस? मुंबई लिवायचंस. बेळगाव लिवायचंस."

"माझा मुलगा तिथं आहे. तुम्हाला परवा गाडीतून ज्यानं आणलं तो. मला त्याच कंपनीचं नाव येत होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ त्या माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होत्या.

"यशराज तुला आठवतोय व्हय रं?"

हो म्हणणं किती सोपं होतं. मी गाडीत सगळा वेळ आठवायचा प्रयत्न केला होता. दीडशे मुलांचा वर्ग. हजेरीपटावर त्याचा नंबर त्र्याण्णव होता, हे काल शोधून काढलं होतं. चेहरा येत नव्हता.

"नाही," मी म्हणालो. "आठवत नाही."

ज्ञानू खोतांनी मान फिरवली. बनाबाई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि दार ओढून घेतलं. आम्ही दोघं बाहेर बसून राहिलो. आतून कसलाच आवाज येत नव्हता. अर्ध्या तासाने ज्ञानू खोत म्हणाले, "जावा आता. तुमची गाडी चुकंल."

१६ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी कॉलेजात गेल्यावर पहिलं काम, माझ्या स्वतःच्या खात्यातून विकी उघडली. एकशे एक्याऐंशी ओळी कोऱ्या केल्या. बदलाचं कारण लिहायला खाली एक जागा असते. तिथं लिहिलं: ६ सप्टेंबरची नोंद निशिगंधा सुतार यांची नाही. त्यांच्या उघड्या खात्यातून ती मी केली. माहिती बनावट होती. पार्श्वनाथ मगदूम. मग तेच कागदावर लिहून प्राचार्यांकडे नेलं.

त्यांनी दोनदा वाचलं. "समिती तोंडावर आलीया, आणि तुम्हाला आत्ता सुचतंय हे? एवढे दिवस दम काढला, अजून महिनाभर काढायचा होता!"

"त्या बाई चाकणला जाऊन बसल्या होत्या, सर."

"ते वाईटच झालं. पण हा कागद परत घ्या आणि विकीवरचं खोडून टाका."

"खोडलं तरी इतिहासात राहतं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची फसवणूक केली. एका अर्थी केलीच आहे. समन्वयकपद काढून घेतलं. पुढची कारवाई संस्था ठरवेल. पडताळणी संस्थेला दुरुस्तीचं पत्र आजच पाठवायला लावलं, तेवढं मात्र मी उठलोच नाही म्हणून झालं.

दुपारी निशिगंधाकडे गेलो. ती वडिलांच्या फर्निचरच्या दुकानात हिशेबाला बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मला वाटलं होतं तिला धक्का बसेल.

"मला माहीत होतं, सर. ९ ऑक्टोबरपासून. सहा तारखेला बारा ते दोन मी प्रॅक्टिकलला होते. चोवीस मुलांच्या सह्या आहेत. आणि त्या पानावर बसून काम करणारं दुसरं होतं कोण?"

"मग तू त्या सह्या दाखवल्या का नाहीस?"

"दाखवल्या असत्या तर तुम्ही सापडला असता. मला वाटलं, तुम्ही स्वतः बोलाल. तुमच्या टेबलाशी येऊन उभी राहिले तेव्हा तर मला खात्रीच होती." तिने हिशेबाची वही मिटली. "माझंच चुकलं. बनाबाईंचा जीव टांगून ठेवून मी तुमची परीक्षा बघत बसले. तेवढं मला लागलंय."

तिला तास परत मिळावेत म्हणून मी लिहून दिलंय, हे सांगितलं. ती नको म्हणाली. पन्हाळ्याच्या वाटेवर एक नवं कॉलेज आहे, तिथं सोमवारपासून रुजू होतेय. पुन्हा तासिका तत्त्वावरच.

मी म्हणालो, "निशिगंधा, मला माफ कर."

"आत्ता नाही जमणार, सर. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो म्हटलं, तर तेही तुमच्या त्या यादीसारखंच होईल." मग तिच्या वडिलांनी चहा मागवला. तो येईपर्यंत थांबावं लागलं. आम्ही तिघं तो प्यालो.

२७ नोव्हेंबर, बुधवार

रोज तास संपले की फोन करतो. आजवर एकशे चाळीस झाले. बहुतेक जण विचारतात, आता कशाला? मी सांगतो, आधी विचारलं नव्हतं म्हणून. एक मुलगी नृसिंहवाडीला देवळाबाहेर फुलांचं दुकान चालवते. मी तिला गृहिणी लिहिलं होतं. दोघं जण घरी बसून आहेत, तसं लिहा म्हणाले. एकाने शेवटी विचारलं, "सर, तुम्ही बरे आहात ना?"

यशराजची ओळ कोरीच ठेवलीय. तिथं काय लिहायचं ते आपण ठरवायचं नाही, असं वाटतं, आणि विचारायला फोन करायचा धीर होत नाही. आज दुपारी ज्ञानू खोतांचाच फोन आला. मागे माग चालू होते. ते ओरडूनच बोलत होते.

"सर, ती रडली. काल. सांजंपासनं जी सुरू झाली ती आज सकाळपातूर. दोन वर्सांत पयल्यांदा. शेजारच्या बाया आल्या, त्याबी रडल्या. आज दोनच ताटं घेतली तिनं. म्हटलं तुमास्नी कळवावं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? ऐकताय न्हवं?"

"ऐकतोय."

"बरं झालं तुमी आला. कुनीतरी येयाला पायजेच हुतं." मग माग थांबले असावेत, कारण त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पर आता परत येऊ नका, सर. तिला तुमचं तोंड बघवणार न्हाय. आन् मलाबी."

मी बरं म्हणालो.